पोचल्याचा दिवस

जर्मनीचं सरकार आणि माझी सुतळी यांच्या हिशेबात दोन दिवसांचा फरक निघाला, आणि चूक सुतळीची होती.

हे आधीच कबूल करतो, कारण पाड्यावर मी उलटं सांगितलंय.

माझी मुलगी मंदा मोखाड्याच्या आश्रमशाळेत शिकली, नर्स झाली आणि कुठच्या कुठे जर्मनीत नोकरीला गेली. तिला मुलगी झाली तेव्हा तिने आम्हा दोघांना बोलावलं. माझ्या बायकोने, नवशीने, पासपोर्टच्या फोटोसाठी जव्हारहून नवं पोलकं शिवून आणलं. तिचा पासपोर्ट आला तो तिचा दहावा होऊन गेल्यावर. पोस्टमन म्हणाला, "सही करा." मी अंगठा दिला. (सही येते मला. त्या दिवशी आली नाय.)

मग मी एकटाच निघालो. मंदाने फोनवर बजावलं, "बा, तुला फक्त तीस दिवस राहायची परवानगी आहे. ध्यानात ठेव."

ध्यानात कशाला ठेवू? सुतळी घेतली, तीस गाठी मारल्या!

ही रीत नवशीची. भातं कापून झाली की आम्ही जगायला जायचो, म्हणजे बिऱ्हाड बांधून भिवंडीकडे वीटभट्टीवर. नवशी गाठी मारलेली सुतळी न्यायची आणि रोज सकाळी उठली की एक सोडायची. पोचल्याचा दिवस मुकादम हजेरीत धरायचा नाय. निघाल्याचाही नाय. नवशी दर साली भांडायची.

"टेम्पोत दिवसभर हाडं खिळखिळी झाली, तो दिवस काय कुत्र्याने खाल्ला?"

"एक तरी वीट पाडलीस का आज?"

"नाय."

"मग तो दिवस नाय!"

असं जन्मभर. दिवस मोजायचे ते पोचल्याचा सोडून आणि निघाल्याचा सोडून, हे माझ्या हाडात मुरलंय.

तिकडे पोचलो. मंदाने दारातच मला खाली बसवून नात माझ्या मांडीत टाकली. कागदावर तिचं नाव नव्या, मी म्हणतो नवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाठ सोडली, आणि बायकोच्या लुगड्याची झोळी करून घरात टांगली. शेजारची म्हातारी हेल्गा ते बघून घाबरली. हातवारे करून विचारलं, पोर पडणार नाय ना? चार दिवसांनी तीच झोका द्यायला येऊन बसायची, वर केक आणायची. तिला माझी बोली येत नाय, मला तिची. पण दोघंही एकटे राहिलेले. आमचं बरं जमलं.

माझं परतीचं तिकीट पंचविसाव्या दिवसाचं होतं. नेमका त्याच्या आदल्या रात्री पोरीला ताप भरला. मंदाची दवाखान्यात ड्युटी, जावई दीपकचं ऑफिस. मंदा म्हणाली, "बा, थांबशील का अजून? किती दिवस उरलेत तुझे?"

मी सकाळी ऐटीत सुतळी दाखवली. "सहा गाठी! त्या संपल्या की दुसऱ्या दिवशी निघतो."

दीपकने पासपोर्ट उघडला. त्यातल्या व्हिसावर दोन गोष्टी असतात. एक, कुठल्या तारखेपर्यंत. दुसरी, त्यात राहायचं किती दिवस. त्याने तारीख पाहिली, ती अजून लांब होती. दिवस मोजायचं काम माझ्यावर सोडलं. "मामा मोजतायत ना, मग झालं!" म्हणाला आणि तिकीट पुढे ढकललं. (शिकलेल्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवल्याची ही पहिलीच वेळ. शेवटचीही.)

पोरीचा ताप उतरला. सुतळीवर एक गाठ उरली तेव्हा सकाळी हेल्गा आली. मी खुणेने सांगितलं, ही गाठ उद्या सोडणार, आणि परवा विमान! तिने नाय नाय म्हणून मान हलवली. धावत घरी गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडरच काढून घेऊन आली. मी आलो त्या दिवसावर तिने झोळीचं चित्र काढून ठेवलं होतं. माझे तीस दिवस तिला मंदाने सांगितलेले; त्या चित्रावर बोट ठेवून ती मोजायला लागली.

मी तिचं बोट धरून पुढच्या चौकटीत नेलं. तिने परत मागे आणलं. मी पुढे, ती मागे! ती अंगठ्यापासून एका बोटाला एक दिवस मोजते, मी एका बोटावर तीन पेरं. तिला वाटलं, म्हातारा तीन दिवसांचा एक करतोय. ती ओरडायला लागली, मीही ओरडायला लागलो, झोळीतली पोर तिसरी!

मंदा ड्युटीवरून आली ती या बाजारात. तिने कॅलेंडर पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"बा, आल्याचा दिवस धरलास का?"

"तो कोण धरतो?"

"हे लोक धरतात! निघाल्याचाही धरतात! तुझा तिसावा दिवस आज आहे, आज!"

"बरं, मग दोन दिवस इकडेतिकडे. मी काय त्यांचं खातोय?"

"दोन दिवस जास्त राहिलास तर पुढच्या खेपेला येऊ देतील का तुला? आय तर नातीला बघायची राहिलीच. ही आता कुठे तुला ओळखायला लागलीय."

मी सुतळी खिशात घातली.

मग जी धावपळ झाली! दीपक ऑफिसातून पळत आला, संध्याकाळच्या विमानात एक जागा मिळाली. मंदाने तशीच उपाशी माझी पिशवी भरली. हेल्गाने आपली गाडी काढली आणि वाटेत सगळ्यांना शिव्या दिल्या, असं मंदा म्हणाली. निघताना रडली तेवढं मला मंदाने न सांगता कळलं.

विमानतळावरच्या साहेबाने पासपोर्ट उलटला, आत आल्याचा शिक्का पाहिला, मोजलं. मग त्याने मुकाट शिक्का मारला. तीस म्हणजे तीस.

विमानात खिशातली सुतळी काढली. एक गाठ तशीच. आणि मला नवशीचं भांडण आठवलं. त्या परक्या सरकारने, न मागता, न भांडता, माझा पोचल्याचा दिवस हजेरीत धरला होता. नात मांडीत पडली तो दिवस! धरण्यासारखा दिवस तोच. माझ्या लेकीचं, जावयाचं, हेल्गाचं, त्या साहेबाचंही भलं होवो.

आणि मी? जन्मभर मुकादमाला शिव्या घातल्या. पहिल्यांदा हजेरी माझ्या हाती आली, तर मीच मुकादम निघालो!