प्रगती समाधानकारक

माझ्या सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेचे नव्हेत, कापडाचे. एका मोठ्या शिवणघरात ते एकतीस वर्षं कटिंग मास्टर होते. कापडाचे सहा-सात थर एकावर एक घालून एका दमात कापायचे, आणि वरच्या नि खालच्या तुकड्यात दोऱ्याएवढाही फरक पडायचा नाही. त्यांची ती कात्री उचलायला मला दोन्ही हात लागत. माणूस तसा खडूस. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सूनबाई, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे." आशीर्वाद नंतर दिला.

गेल्या वर्षी कापडाचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना ते घसरले. गठ्ठा सोडून कठडा धरला असता तर निभावलं असतं, पण गठ्ठ्यात नवं कोरं सुटाचं कापड होतं. उजव्या मनगटाचा चुरा झाला. आत पट्टी बसवली, स्क्रू घातले. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं जेमतेम अर्धी मिटत होती.

व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट बाई चांगली होती. ती म्हणाली, "दिवसातून तीनदा ओला टॉवेल पिळायचा. बोटं पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची. सहा-सात महिन्यांत कात्री हातात येईल. पण खंड पडू द्यायचा नाही. सांधे एकदा आखडले की माझ्याकडे येऊनही उपयोग नाही." मास्तरांनी यातलं एकच वाक्य ऐकलं, कात्रीचं. सकाळी गॅलरीत उभे राहून ते टॉवेल पिळायचे आणि मोठ्याने मोजायचे. पहिल्या आठवड्यात आठ, मग वीस, मग चाळीस.

अपघात विमा त्यांनी अठरा वर्षांपूर्वीच काढला होता. हात कामाला येईपर्यंत घर चालावं, एवढ्याचसाठी तो होता. निम्मं घर मास्तरांच्या पगारावर चालायचं, तेव्हा दावा सोडून देणं आम्हाला परवडणारं नव्हतं. फॉर्म मी भरला. आमच्याकडे फॉर्म हे माझं खातं, नवऱ्याला फॉर्म दिसला की जांभई येते. दोन महिने कंपनी रोज नवा कागद मागत होती आणि दाव्याचं काय झालं विचारलं तर ताकास तूर लागू देत नव्हती. मग एक दिवस पडताळणीसाठी म्हणून एक तरुण घरी आला.

मुलगा नम्र होता. पाणी प्यायला, प्रश्न विचारले. मास्तरांचं मात्र उत्तरांकडे लक्ष नव्हतं. त्या मुलाच्या कोटाची बाही पार बोटांपर्यंत येत होती आणि ते तिच्याकडे टक लावून बघत होते.

"कोट कुठे शिवला?"

"तयार घेतलाय, काका."

"उभे राहा. हात सरळ सोडा."

मी म्हटलं, बाबा, राहू द्या. पण जित्याची खोड. फळीवरून टाचण्या काढल्या, बाही आत दुमडली आणि उजव्या हातानेच टाचायला लागले. अंगठा सटकत होता, टाचणी दोनदा खाली पडली, कपाळावर घाम आला. तीन टाचण्यांना पाच मिनिटं लागली. त्या मुलाने आभार मानले आणि मोबाइलवर बाहीचा फोटो काढला. मला वाटलं, आवडलं बिचाऱ्याला. मास्तर त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दावेदार उजव्या हाताने बारीक काम करू शकतो, सबब दावा नामंजूर, सोबत छायाचित्र. छायाचित्रात तीन टाचण्या एका रेषेत होत्या. पाच मिनिटं आणि घाम फोटोत येत नाहीत.

मी फोन करून भांडले. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, फोटो सोडा. तुमच्या फिजिओथेरपीच्या कागदावर दर आठवड्याला लिहिलंय, प्रगती समाधानकारक."

"मग काय बिघडतोय असं लिहायचं? हात बरा झाला की ते कामावर जातील. तोपर्यंतचंच तर मागतोय."

"हात सुधारतोय असं तुम्हीच म्हणताय ना, मॅडम?"

मी फेरतपासणीचा अर्ज केला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त कारकून राहतात, त्यांनी कागद वाचून मान हलवली. "आता सांभाळून. हे लोक रस्त्यावरून फोटो काढतात. आणि ती समाधानकारक प्रगती आधी थांबवा."

त्या दिवसापासून मी जेलर झाले. गॅलरीकडचा पडदा ओढला. फिजिओथेरपी बंद केली. टॉवेल बंद. हात झोळीत, आणि झोळी गळ्यात.

"आणि व्यायाम?" मास्तरांनी विचारलं.

"तपासणी झाली की करा. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

पंधरा दिवसांनी कंपनीचे डॉक्टर रजेवर गेले. मग फाइल दुसऱ्या शाखेत गेली. मग कळलं, अर्ज जुन्या नमुन्यात आहे, नव्या नमुन्यात भरा. तारीख पाच वेळा बदलली आणि दर वेळी नवी तारीख इतकी जवळची असायची, की आता एवढे थांबलोच आहोत तर आणखी थोडं, असंच वाटायचं. व्यायाम केला तर दावा जातो, नाही केला तर हात जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मास्तर खिडकीपासून लांबच्या खुर्चीत बसून राहायचे. शर्टाची बटणं मी लावून द्यायची. दाराची बेल वाजली की ते चोरासारखे दचकायचे आणि हात झोळीत आहे ना ते चाचपायचे. एकदा न्हाणीघरातून बराच वेळ बाहेर येईनात म्हणून मी दार ढकललं. नळ सोडून त्याच्या आवाजाआड ते बोटं उघडत-मिटत होते. मी ओरडले त्यांच्यावर. माझ्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवताय म्हटलं. सत्तरीला टेकलेला माणूस मान खाली घालून "चुकलं" म्हणाला. ते "चुकलं" माझ्या छातीत अजून आहे.

अर्ज केल्यापासून सहाव्या महिन्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी एकेक बोट धरून सरळ करून पाहिलं. होईना. जोर लावला तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, बोट तसंच राहिलं. नाटक करायची गरजच उरली नव्हती. डॉक्टरांनी वर न बघता दोन ओळी लिहिल्या.

आठवड्यात पत्र आलं. कायमस्वरूपी अपंगत्व सिद्ध झाल्याने दावा मंजूर. मी आधी स्वयंपाकघरात जाऊन फिजिओथेरपिस्ट बाईला फोन लावला, आता व्यायाम सुरू केला तर हात येईल का विचारलं. ती म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हो."

मग बाहेर येऊन मास्तरांना पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे आता कुणी बघायला येणार नाही?"

"नाही, बाबा."

"मग आता टॉवेल पिळला तर चालेल ना?"

मला खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "चालेल की."

ते लगेच उठले. झोळी काढून खुर्चीवर ठेवली, डाव्या हाताने टॉवेल भिजवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी आतून ऐकत होते. "एक," ते म्हणाले. टॉवेल पडल्याचा आवाज आला. त्यांनी तो उचलला आणि पुन्हा म्हणाले, "एक."

बराच वेळ ते एकावरच होते.