दमवाल्या बाई आणि हिराबाईची पाटी

आमच्या बाई पेशंटला मशीनवर चढवायच्या, पट्टा सुरू करायच्या आणि एकदम विचारायच्या, "हं, आता सांगा, घरी कसे जाता?" माणूस छातीला वायरी लावून उघडाबंब, सरकत्या पट्ट्यावर जागच्या जागी चालतोय, आणि ह्यांना त्याच्या घरचा रस्ता पाहिजे! नव्या माणसाला वाटायचं, बाई जेवायला येणार बहुतेक. तो बिचारा सांगायला लागायचा, स्टेशनवरून डावीकडे, मग पिठाची गिरणी, मग चढ. बाईंचा डोळा मशीनमधून येणाऱ्या कागदाच्या पट्टीवर आणि कान त्याच्या बोलण्यावर. वाक्य कुठे तुटतं ते त्या ऐकत असायच्या. सलग बोलतोय म्हणजे दम आहे. दोन शब्दांनंतर आवंढा गिळायला लागला, की बाईंचा हात बटणाकडे.

म्हणून लोक त्यांना दमवाल्या बाई म्हणायचे. खऱ्या त्या हृदयाच्या डॉक्टर, राहायला मुलुंडला. ऐंशीच्या दशकात घाटकोपरला एका छोट्या नर्सिंग होमच्या मागच्या खोलीत हे चालायचं मशीन आलं, आणि त्याच्यासोबत बाई आल्या. आणि पेशंटच्या मागे उभं राहायला मी.

मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून हाकललेला माणूस. तिथे फिरत्या पट्ट्यात माझा शर्ट अडकला होता, आणि इथे नोकरी लागली ती पट्ट्याच्याच मशीनवर. शाळेशी माझं कधी पटलं नाही, शाळेचंही माझ्याशी नाही, त्यामुळे दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "बाळू, आधी तू चढ. पेशंटला काय वाटतं ते कळू दे." मी हिरोसारखा चढलो. पट्टा हलला. मी समोर बघायचं सोडून पायांकडे बघितलं, आणि थेट मागच्या भिंतीला जाऊन चिकटलो. आयाबाई पोट धरून हसली. बाई हसल्या नाहीत. मला उठवलं, कोपर बघितलं आणि म्हणाल्या, "कळलं? म्हणून मागे माणूस लागतो. आता तो माणूस तू."

माझं तोंड बंद राहत नाही, हा माझा जुना आजार. पेशंट घाबरलेला असायचा, मी काहीतरी फेकायचो, तो हसायचा. एकदा एका जाड्या शेठला मी म्हटलं, "शेठ, एवढं चाललात, आतापर्यंत जुहूला पोचून भेळ खाऊन झाली असती." शेठ असा गदागदा हसला, की कागदावरच्या रेघा नाचायला लागल्या. बाईंनी मशीन थांबवलं. "बाळू, ही पट्टी बघ. ह्यात शेठचं हृदय कुठलं आणि तुझा विनोद कुठला, मला ओळखता येईना." तेव्हापासून माझ्यासाठी कायदा झाला. हसवायचं ते पट्टा सुरू व्हायच्या आधी, नाहीतर थांबल्यावर.

बाईंना फसवता यायचं नाही. एक बँकेतले साहेब समोरची दांडी दोन्ही हातांनी आवळून चालायचे. सगळं वजन दांडीवर, पाय नुसते नावाला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, सोडा ती. ऑफिसला मारता तेवढी दांडी पुरे." साहेबांनी दांडी सोडली, आणि खरा दम लगेच बाहेर आला. बाई नेहमी म्हणायच्या, "पट्टी एकटी वाचायची नाही, माणसासोबत वाचायची." मला तर पट्टी दोन्ही प्रकारे वाचता यायची नाही, पण मी मान डोलवायचो.

अशात एक दिवस शेवंता आपल्या आईला घेऊन आली. ओढतच आणली म्हणा. आई म्हणजे हिराबाई, माहुलच्या कोळीवाड्यातली. सकाळी धक्क्यावरून मासळी घ्यायची, बसने घाटकोपरला यायचं आणि पाटी डोक्यावर घेऊन टेकडीवरच्या वस्तीत घरोघर विकायची. वाटेत छातीत आवळतंय, असं एकदा तिच्या तोंडून निसटलं, आणि शेवंताने ते धरून ठेवलं.

"मना काय पन नाय झायलं," हिराबाई आल्या आल्या म्हणाली. "ही पोरगी येडी हाय."

"आई, गप चढ."

हिराबाई चढली आणि खरंच सांगतो, असं चालणं मी बघितलं नाही. मान ताठ, पाठ सरळ. बाईंनी रस्ता विचारायच्या आधीच ती सुरू झाली. बोंबील कसे साफ करायचे, कोणतं गिऱ्हाईक भाव करतं, जावई कसा आळशी. मध्येच मागे बघून मला म्हणाली, "आनि ह्यो बोकड माज्या पाठी कशाला उभा ऱ्हायलाय?" बाईंनी मशीनचा चढ वाढवला, तरी हिराबाई थांबेना. पट्टी एकदम साफ.

"बघितलंस गो? सांगत होते ना!" हिराबाई वायरी काढायला निघालीसुद्धा. शेवंताचं तोंड एवढंसं झालं. मीही म्हटलं, चला, म्हातारी पास.

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली. "हिराबाई, आवळतं ते नक्की कधी?"

"चढावर."

"चढ तर आत्ता दिला."

"पाटी कुठं होती?"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाळू, आपण हिला रिकाम्या डोक्याने चालवली." खरं तर रिकाम्या डोक्याचा त्या खोलीत मी एकटाच होतो, पण बोललो नाही.

दुसऱ्या खेपेला हिराबाई पाटी घेऊन आली. मासळी आत आणली असती तर मालकांनी आम्हा सगळ्यांना पट्ट्यावरून थेट रस्त्यावर काढलं असतं. म्हणून मी वेटिंग रूममधली जुनी मासिकं आणि पेपर पाटीत भरले. पुस्तकांचा माझ्या हातून झालेला तो एकमेव उपयोग. हिराबाईने वजन बघितलं, म्हणाली, "आजून टाक. ह्ये काय, लगीनपत्रिका इकायच्यात का?" मी आणखी भरले. मग मी एका बाजूने, शेवंता दुसऱ्या बाजूने धरून पाटी तिच्या डोक्यावर चढवली.

सुरुवातीला ती बोलत होती. जावयावर आली. चढ लागला. "त्याला मी सांगितलं, अरं मेल्या..." आणि पुढे काहीच नाही. मी मागे उभा, मला वाटलं शिवी आठवतेय. बाईंनी बटण दाबलं. पट्टीवरच्या रेघा मला वाचता येत नाहीत, पण बाईंचा चेहरा वाचता आला. "पाटी घे, बाळू! आधी पाटी!"

हिराबाईच्या हृदयाला रक्त कमी पडत होतं. बाईंनी तिला नीट समजावलं, मोठ्या हॉस्पिटलात जा, ऑपरेशन करता येतं. ती नाही म्हणाली ती नाहीच. शेवंता रडायला लागली. "बाई, तुम्ही सांगा ना तिला, धंदा बंद कर म्हणून. तुमचं ऐकेल."

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. आवळलं तर जिभेखाली ठेवायची ती गोळी वेगळी दाखवली. मग म्हणाल्या, "आणि दुखलं की तिथेच थांबायचं, पाटी खाली ठेवायची."

हिराबाई हसली. "बाय गो, भरलेली पाटी खाली ठिवली तर परत डोक्यावर कोन देल? त्याला दोन मानसं लागतात. चढावर कोन हाय माज्याबरोबर?"

म्हणजे एकदा पाटी डोक्यावर आली, की विकून हलकी होईपर्यंत ही बाई उतरवतच नव्हती. दुखलं तरी चालत होती. बाईंनी उठून पाटीतली मासिकं स्वतः काढायला सुरुवात केली. थोडी काढायची आणि म्हणायचं, "आता एकटीने उचला." जमेना. आणखी काढली. पाटी अर्ध्याच्या खाली आली तेव्हा हिराबाईने ती एकटीने अलगद डोक्यावर घेतली.

"एवढीच," बाई म्हणाल्या. "जेवढी तुमची तुम्हाला उचलता येते तेवढीच पाटी. म्हणजे कुठेही उतरवता येईल."

"आनि बाकीचं म्हावरं?"

"ते शेवंता विकेल."

गोळ्या सुरू झाल्यावर बाईंनी तिला तेवढी पाटी घेऊन परत चालवली. जावयाची गोष्ट पूर्ण झाली, शिवीसकट. पट्टी ठीक होती. पण शेवंता खूश नव्हती. जाताना दारात बाईंना म्हणाली, "बंदच करायला हवं होतं." बाई म्हणाल्या, "चालू नको हे सांगायला घरचे असतात, शेवंता. कुठपर्यंत चालता येईल ते सांगायला मी आहे." बोलल्या ठामपणे, पण त्यानंतर कितीतरी दिवस टेकडीकडून कोणी पेशंट आला की हळूच विचारायच्या, "ती कोळीण दिसते का हो?" दिसायची. अर्धी पाटी, दुप्पट तोंड. काही वर्षं दिसत राहिली.

मग एका सकाळी शेवंता एकटीच आली. बाईंनी पुढच्या पेशंटसाठी पट्टा सुरू करून ठेवला होता. शेवंताचा चेहरा बघून काय ते कळलं.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"चढावर. पाटी उतरवून सावलीत बसली होती. लोकांना वाटलं, बसलीय."

"पाटीत?"

"काय नव्हतं. सगळं विकून झालेलं."

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "तू बंद कर म्हणत होतीस. मी ऐकलं नाही."

शेवंताने पदराने नाक पुसलं. "मी लई दिवस तुमच्यावर राग धरला, बाई. पन आई रोज घरी येऊन सांगायची, आज ही भेटली, त्या घरात पोरगा झाला, तिकडची सून पळाली. घरात बसवली असती तर काय सांगितलं असतं तिने?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. शेवंताने त्यांचा हात धरला. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. पुढचा पेशंट उठून पुढे आला.

"जरा बसा," मी म्हटलं. "मशीन बंद आहे."

आत रिकामा पट्टा घरघर फिरत होता. आवाज त्यालाही येत होता, मलाही. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याला परत परत सांगत होतो, मशीन बंद आहे, बसा.