वरुणेच्या पलीकडे

माझ्या आत्याच्या खोलीचं नाव आता 'मोक्ष' आहे. दारावर पितळी पाटी, आत एसी, आणि एका रात्रीचं भाडं आत्याच्या महिन्याच्या पेन्शनहून जास्त. हे सांगताना माझं डोकं फिरतं, तेव्हा आवाज चढला तर चढला.

आत्या म्हणजे शरदिनी आठल्ये. राजा घाटाच्या वरच्या गल्लीत, भाड्याच्या त्या एका खोलीत तिनं एकेचाळीस वर्षं काढली. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची. गल्लीत कुणी पान थुंकलं तर वर्गातल्यासारखं उभं करून झापायची, आणि थुंकणारा पन्नाशीचा असला तरी मान खाली घालून ऐकून घ्यायचा. ती निवृत्त झाली त्याच वर्षी तिचे यजमान, आमचे काका, गेले. तेराव्यानंतर तिनं गंगेत उभं राहून क्षेत्रसंन्यास घेतला. असी नदी ते वरुणा नदी, एवढ्या काशीबाहेर मरेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. मरण यायचं ते इथेच यावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हातारपणी बसल्या जागी असलं व्रत सोपं, असं लोकांना वाटतं. डोंबलाचं सोपं. तिची एकुलती एक मुलगी गीता नागपूरला कॅन्सरनं अंथरुणाला खिळली. रोज फोन करायची, "आई, एकदा ये." मी तिकिटं काढून आणली. आत्यानं ती देवापुढे ठेवली, दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि गाडी सुटल्यावर माझ्या हातात परत दिली. महिन्याभरात गीता गेली. मी आत्यावर इतका चिडलो की दोन महिने तिच्याकडे फिरकलो नाही.

पुढे आत्याच्या गल्लीला फॅशन चढली. पीठगिरणी होती तिथे कॉफी आली, वैद्यांच्या ओसरीवर योगाच्या चटया आल्या. दिल्लीची जोडपी आत्याच्या वाळत घातलेल्या लुगड्यापुढे उभी राहून फोटो काढायला लागली. घरमालकाचा मुलगा बिंदुमाधव आत्याच्याच पुढ्यात बसून अक्षरं गिरवायला शिकला होता. त्यानं घर हॉटेलवाल्यांना विकलं आणि तिला तोंड दाखवायला नको म्हणून हॉटेलच्या मॅनेजरला पाठवलं.

"अम्माजी, गंगाजी सबसे अच्छी इसी कमरे से दिखती हैं," मॅनेजर गोड हसत म्हणाला. "गेस्ट लोग यही माँगते हैं."

आत्या हलली नाही. मग त्यांनी नळ तोडला आणि दुरुस्तीच्या नावाखाली जिन्याचा कठडा काढला. मोतीबिंदूनं धूसर दिसणारी ब्याऐंशी वर्षांची बाई भिंतीला धरून चढउतार करत होती, आणि खालच्या अंगणात हे लेकाचे काशीचा खरा अनुभव विकत होते.

"हप्ताभर नळाला पानी नाही, वासू," ती मला म्हणाली. "मला रस्त्यावर बसव. पण वरुणेच्या अलीकडे बसव."

मी दोन महिने असीपासून वरुणेपर्यंत पायपीट केली. जिथे खोली रिकामी, तिथे होमस्टे. एकानं तर विचारलं, अम्मा मंत्र म्हणतात का, पाहुण्यांना आवडेल. त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. मी नमस्कार करून निघालो. आम्ही बँकेतली माणसं नमस्कार करूनच निघतो.

माझा फ्लॅट वरुणेपलीकडे. मी एका पंडितजींना गाठलं. ते म्हणाले, काशीच्या पंचक्रोशीची हद्द वरुणेच्या पार पुढपर्यंत आहे, तिथे राहिलं तर दोष नाही. मी आनंदानं आत्याला सांगितलं.

"संकल्प मी केला," ती म्हणाली. "पंडितजींनी नाही."

त्यानंतर ती जिन्यावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण माझा धीर सुटला. मी तिला सांगितलं, डोळे दाखवायला जाऊ, डॉक्टर इथेच जवळ आहेत. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या बाईला फसवणं फार सोपं असतं. ती नवं लुगडं नेसली, माझा हात धरून ई-रिक्षात बसली. बिंदुमाधवला, मॅनेजरला मी आजवर हजार शिव्या दिल्या असतील, पण तिला रिक्षात बसवणारा मीच होतो.

बरंच अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "भैया, ये कौन जगह है?"

मी बोलायच्या आत रिक्षावाला म्हणाला, "वरुणा पुल, माताजी."

मला वाटलं, ती रडेल, मला थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा हात सोडला आणि पदर सारखा केला.

"हॉटेलवाल्यांसाठीच मोडायचं होतं," ती म्हणाली, "तर मी गीताकडे गेले असते रे."

रिक्षा तोवर पूल उतरली होती.