हलकी करतो

बाजारातून घरी येताना आमच्या गावाच्या पुलाजवळ चढ लागतो. मोठा नाही. पण दोन माणसं आणि वरून पिशव्या म्हटल्यावर सायकल तिथं कुरकुरते. बायको मागं कॅरेजवर बसली होती. नेहमीसारखी म्हणाली, "हलकी करतो," आणि चालत्या सायकलवरून उतरली. आमच्याकडं बायाही 'येतो, जातो' असंच बोलतात. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं मागून कॅरेज ढकलत चालली. चढ संपला तशी परत बसली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. पुलापासून घरापर्यंत आम्ही भांडलो, ते रस्त्यावरून. पोळा झाला की तीज, म्हणजे हरतालिका. तीजेला ती माहेरी जायची, भाऊ लुगडं द्यायचा. माहेर दरेकस्याच्या घाटापलीकडं, छत्तीसगडच्या हद्दीजवळ. तिकडं जायला रस्ते दोन. एक सालेकस्यावरून घाट चढून, जंगलातून. दुसरा देवरीकडून फिरून, चांगला डांबरी, पण अख्खा दिवस खाणारा. त्या साली पावसानं घाटातला रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, मधोमध फोडला होता.

"औंदा देवरीकडून जाऊ. बसनं," मी म्हणालो.

"काऊन जी? घाटाले काय झालं?"

"रपटा फुटला हाये. कानात बोळे घातले का?"

"फुटला तं मोटर जात नसंन. सायकल खांद्यावर घेता येते न."

"आन् तुले कोण घेईन खांद्यावर?"

"मले कायले घेता? तुमी सोताले सांभाळा म्हंजे झालं."

"दम लागते तुले. मागच्या खेपेले दोनदा बसली होतीस."

"बसलो होतो ते तुमच्यासाठी. तोंड पाहाचं होतं तवा तुमचं. टमाटर झालं होतं."

ठरलं काहीच नाही. घरी आलो. तिनं पिशवी खुंटीला लावली, चहा मांडतो म्हणाली. मी सायकल भिंतीला टेकवून, हातपाय धुऊन आत आलो तर चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली. हाक मारली. परत मारली. दिवे लागायचे होते अजून.

त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. रस्त्याचं लिहितो, ते मला येते.

सायकल घेतली ती गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली, गोंदियातल्या एका दुकानातून, वापरलेली. बायको म्हणाली, "जिल्हा नवा आन् सायकल जुनी, वा रे नशीब." पण कॅरेजवर गोधडीची घडी तिनंच बांधली. तेव्हापासून दरसाल तीजेला आम्ही घाटानं गेलो. सालेकस्यापर्यंत रस्ता सपाट, दोन्हीकडं धानाच्या बांध्या. तलावाच्या पाळीवर मात्र वारा आडवा येतो, तिथं डोकं खाली घालून पायडल मारायचं. पुढं सागवान सुरू झालं की रस्ता वर निघतो. पहिला चढ फसवा. डोळ्याला दिसतच नाही, मांड्यांना कळतो. त्याच्यापुढं तीन वळणं, मधल्या वळणावर मोहाचं जुनं झाड, तिथं सावली आणि टेकायला दगड. वर गेलं की रपट्यापर्यंत उतार, तिथं ब्रेक सारखा दाबायचा नाही, सोडून सोडून दाबायचा, नाहीतर रबर जळल्याचा वास येतो. रपटा ओलांडला की पलीकडं अजून एक चढ, आणि वर तिचं गाव.

आता हिवाळ्यात शहरातली पोरं पातळ टायरच्या सायकली घेऊन या घाटात येतात. डोक्यावर टोप, डोळ्यावर रंगीत चष्मे. माझ्या ओट्यावर पाणी पितात. विचारतात, "काका, आगे चढाई कितनी है?" मी म्हणतो, एकट्याला काहीच नाही. ते हसतात. मी डबलसीटचा हिशेब सांगत असतो, ते त्यांना कळत नाही.

'हलकी करतो' हे कुठून आलं तेही सांगतो. पहिल्याच साली घाटात ती काही न बोलता उतरली. मला कळलंच नाही. सायकल एकदम पळायला लागली. मला वाटलं, वा, ताकद आली. मी बोलत बोलतच वर गेलो, तिच्या भावाचे बैल कसे मरतुकडे, त्याची पेरणी कशी उशिरा. वर एक बकऱ्या चारणारा बसला होता. त्याला म्हणालो, "पाय गा, बायकोले बसवून चढलो, एकदाबी थांबलो नाही." तो माझ्या मागं बघत राहिला. म्हणाला, "बायको कोठी हाये?"

ती बऱ्याच वेळानं घामानं भिजून वर आली. चप्पल हातात.

"तुमची ताकद मी खालीच उतरवून ठेवली होती जी," ती म्हणाली. तो बकऱ्यावाला हसून हसून लोळला.

तेव्हापासून उतरायच्या आधी ती सांगायची. "हलकी करतो बरं. मंग म्हणाल ताकद आली." पुढं पुढं नुसतं 'हलकी करतो' राहिलं. आणि मी मागं न बघता हूं म्हणायचा.

ती गेली त्या संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्या बाया आल्या, एकच बोलल्या. सवाष्ण गेली आहे, माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय उचलायची नाही. बरोबर आहे. आमच्यात बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागते. ते नसलं तर बाई बेवारशासारखी गेली म्हणतात. पण भादव्याच्या तोंडावरची ती गरमी, ढग दाटलेले. बापेमाणसं म्हणाली, उद्या दुपारच्या पुढं ठेवता येणार नाही. घाटापलीकडं त्या वेळी मोबाईल लागत नव्हता. मोटरसायकलवाला एक तयार झाला, पण सकाळी निघून देवरीकडून फिरून जाऊन परत यायला त्याला संध्याकाळ झाली असती.

सकाळी उजाडायला लागलं तसा मी सायकलमध्ये हवा भरायला बसलो.

शेजारचा म्हातारा आला. "हे काय करून राहिला?"

"घाटानं जातो. लुगडं आणतो."

"नवरा असा मयत सोडून जाते का गा? लोक काय म्हणतीन?"

"मंग कोण जाईन? रपटा फुटला हाये. सायकलीबिगर कोणाच्यानं जमत नाही. तू जातं का?"

"मले कोठी येते सायकल."

"मंग हवा भरू दे."

निघालो. तलावाच्या पाळीवर वारा होताच. डोकं खाली घातलं. पहिल्या फसव्या चढावर थांबलो नाही. वळणांवर थांबलो नाही, मोहाखाली पण नाही. सायकल हलकीच होती, सुरुवातीपासून. उतार उतरून रपट्यावर आलो. मधला तुकडा वाहून गेला होता, पाणी मांडीपर्यंत. सायकल खांद्यावर घेतली आणि पार झालो. तिनं सांगितलं होतं तसंच जमलं. देवरीकडून जायची काही गरज नव्हती.

साळा अंगणात बैलांची शिंगं रंगवत होता. उद्या पोळा. मला बघून हसला. माझ्या मागं पाहिलं, कॅरेज रिकामी. तो बहिणीला बाई म्हणायचा, मला भाटवा.

"बाई चढावर उतरली का? चालत येऊन राहिली?" आणि तिथूनच घरात ओरडला, "अवो, भाटवा आले! दोन कप मांड, बाई मागून येऊन राहिली!"

दरसाल असंच व्हायचं ना. मी पुढं पोचायचा, ती मागून चालत यायची, चप्पल हातात घेऊन. त्याची काय चूक.

मी म्हणालो, "नाही येत." एवढंच निघालं तोंडातून.

त्याच्या हातात रंगाची काडी तशीच. बैलानं डोकं हलवलं तर काडी बैलाच्या डोळ्याला लागली असती, मी हात धरला. मग त्याला कळलं.

साळ्याची बायको रडत आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. तीजेचं लुगडं आणून ठेवलेलंच होतं. हिरवं, लाल काठाचं. घडीसुद्धा मोडली नव्हती. गावची माणसं मागून पायी निघतो म्हणाली. साळ्याला सायकल येत नाही, म्हणून तो माझ्यामागं कॅरेजवर बसला. गोधडीच्या त्याच घडीवर. लुगड्याची पिशवी पोटाशी.

रपट्यात त्यानं लुगडं डोक्यावर धरलं. मी सायकल. पलीकडून घाट जास्तच उभा आहे. सायकल जड झाली. मी पायडल मारत राहिलो, आणि वाट पाहत होतो. कशाची ते थोड्या वेळानं लक्षात आलं. साळा गप्प बसून होता. त्याला काय माहीत.

"हलकी कर," मी म्हणालो.

"काय, भाटवा?"

"उतर म्हणतो."

उतरला. मागून ढकलायचं असते हे काही त्याला सुचलं नाही. पिशवी छातीशी धरून माझ्यापुढं भराभर चालायला लागला. मी उभा राहून पायडल मारत त्याच्या मागं मागं गेलो. वर पोचलो तेव्हा डोळ्यापुढं अंधारी आली होती, पण थांबलो नाही. त्याला बसवलं आणि खाली सोडली. ब्रेक सोडून सोडून दाबत होतो. सालेकसा मागं पडलं तेव्हा सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता.

गावाच्या पुलाजवळ साळ्यानं आपणहून उडी मारली. घरापुढची माणसं तिथून दिसत होती. तो लुगडं घेऊन पळतच सुटला. तिकडून बायांचा आवाज आला, "आलं वो आलं, माहेरचं आलं!" आणि मग सगळ्या एकदम रडायला लागल्या.

मी पुलावर. सगळा घाट दोन्हीकडून चढून आलो होतो. तो एवढासा चढ, दर बाजाराचा, माझ्याच्यानं चढवला नाही. उतरलो. हँडल धरून चालत घरी गेलो.