मामांचा तपकिरी रंग

माझे मामा पुस्तकं बांधायचे. शिवण घालण्यात, खळ लावण्यात, कडा कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रंगांच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद. एकदा ग्रंथालयाने एका कोशाचे सहा खंड लाल कापडात बांधायला दिले. मामांनी तीन लाल बांधले, तीन हिरवे. ग्रंथपालबाई खवळल्या.

"अहो, एका आईची लेकरं ना ही?"

मामांनी सहाही खंड ओळीने लावून निरखले. "मग? सारखीच तर आहेत. तपकिरी."

बाईंना वाटलं, माणूस निर्ढावलेला आहे. मामींना वाटलं, नवऱ्याचं कामात लक्ष नाही. आम्हा भाचरांना वाटलं, मामा काय फिरकी घेतात! मामांना काय वाटलं, हे कुणी विचारलंच नाही.

मामींनी कापडाच्या प्रत्येक गुंडाळीवर रंगाच्या नावाची चिठ्ठी डकवली. धंदा बिनबोभाट सुरू झाला आणि घराला कायमची करमणूक मिळाली. मामा हिरवेगार टोमॅटो पिकलेले म्हणून आणायचे. दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून लग्नाला जायचे. पाहुणे आले की मी हमखास विचारायचो, "मामा, माझा शर्ट कुठल्या रंगाचा?" ते अंदाज ठोकायचे, आम्ही लोळायचो. मामाही हसायचे. चाळिशीत चष्म्यासाठी ते डोळे तपासून आले, तेव्हा तक्त्यावरची सगळी अक्षरं त्यांनी धडाधड वाचली होती. अक्षरं काळी होती.

साठी उलटली तसे मामा वाळत चालले. मग एका सकाळी नळाला पाणी नव्हतं म्हणून संडासात पाणी ओतायचं राहिलं आणि मामींनी आत पाऊल टाकलं.

"अहो, हे रक्त आहे!"

"रक्त कसलं? उन्हाने लघवी जरा गडद होते. मी पाणी पिणं वाढवलंय ना!"

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"गडद ना? झालं असेल दीड वर्ष."

डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे केलं. मामींना आणि मला ठिपक्यांत ठळक आकडा दिसला. मामांनी पुस्तक उलटंपालटं केलं, पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं.

"शिवण ढिली आहे. द्या, बांधून देतो."

"आकडा दिसतो का?"

"कसला आकडा?"

मूत्राशयातली गाठ बाहेर पसरली होती. "पण ह्यांना दुखत नव्हतं हो काही," मामी म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. रक्त दिसतं, तेवढीच खूण. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चाळीस वर्षं मी त्या डोळ्यांची परीक्षा घेत होतो, आणि दरवेळी नापास झालेल्या माणसाला टाळ्या वाजवून घरी पाठवत होतो.

पुढचे चार महिने रोज सकाळी मामा विचारायचे, "आज?" मामी भांड्यात बघून सांगायच्या. आधी खरं सांगायच्या. मग एके दिवशी मी दारात उभा असताना त्या म्हणाल्या, "आज अगदी स्वच्छ आहे हो." मला भांडं दिसत होतं.

मामांनी भांड्याकडे बघितलंच नाही. ते मामींकडे बघत होते.

"मग हात का थरथरतोय तुझा?"

"जड आहे भांडं," मामी म्हणाल्या.