सुया वाटणारी इनेसबाई

माझ्या पोराला इंजेक्शनच्या नव्या सुया देणारी बाई काल वारली.

बरोबर वाचलंत. सुया. नशेसाठीच्या.

संजूला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "लिही आई, माझं नाव पण लिही." नात जुई शेजारी बसलीय, चुकलं की सांगते. माझी शाळा चौथीत सुटली. ही इंग्लिश मिडियमची, तरी मलाच मराठी शिकवते.

बाईचं नाव इनेस. पोर्तुगालची. तिकडे नर्स होती.

रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला नाशिकला येतात. ही पण आली, पण गेली थेट पुलाखाली. नशा करणारी पोरं बसायची तिथे.

आमचा संजू त्यातलाच.

मी पंचवटीच्या बाजारात मळ्यातली भाजी घेऊन बसायचे. एक दिवस बघते तर समोरच्या पुलाखाली गोरी बाई पोरांना सुया वाटतेय. मी मेथी टाकून तशीच उठले.

"ओ बाई, पोरं मारायला आलीस का इथं?"

तिला काही कळलं नाही. हात जोडून हसली. संजूच म्हणाला, "आई, ओरडू नको. आम्ही एकमेकांची सुई वापरतो, त्यातून एड्स होतो. ती जुन्या घेते, नव्या देते."

"आणि नशा?"

"सुटेल तेव्हा सुटेल. तोवर जगायला तर पाहिजे ना."

परत आले तर मेथी गाईने खाल्लेली.

असो.

तिच्याच नादाने संजू नशा सोडवायच्या सेंटरला जायला लागला. रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला नाही. त्याच्याबरोबरच्या दोघांना निघाला. त्यांना इनेसबाईने हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. दोघं अजून गोळ्या घेतात, धडधाकट आहेत. त्यातला एक तर कोथिंबिरीच्या जुडीसाठी माझ्याशी घासाघीस करतो.

सेंटरवर नशेच्या जागी रोज एक गोळी मिळायची. जिभेखाली ठेवायची. विरघळेपर्यंत गिळायची नाही, बोलायचं नाही.

इनेसबाईचं काम लक्ष ठेवायचं. त्यामुळे तिला मराठी येत होती तेवढीच. "तोंड उघड. जीभ वर. बस." आमच्याकडे जेवायला आली तेव्हा आमच्या ह्यांना पण म्हणाली, "बस." हे बसले. सगळ्या संसारात माझं कधी एवढं ऐकलं नाही.

पण संजू माझा लबाड. गोळी गालात लपवायचा, बाहेर येऊन विकायचा. सापडला. डॉक्टर म्हणाले, परत केलंस तर गोळी बंद.

गोळी बंद म्हणजे परत पुलाखाली.

मग मी रोज त्याच्याबरोबर जाऊन सेंटरच्या दारात बसायला लागले. आता मी गप्प बसणारी आहे का? वॉचमनला माझ्या लग्नाची गोष्ट सांगत होते. बोकडाने नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या ती. बोकड पुढे, सासरे मागे, वाजंत्रीवाले त्यांच्या मागे, वाजवतच.

आत बघते तर सगळी पोरं तोंड मिटून ऐकतायत. हसू नाकातून बाहेर येतंय. एकाचीही चुळबुळ नाही. संजूची पण नाही.

इनेसबाई बाहेर आली, मला हाताला धरून आत नेलं. खुर्ची दिली.

"बस. बोल."

"काय बोलू?"

"बोल, मावशी."

सगळी पोरं मला मावशी म्हणायची, म्हणून ती पण. वयाने माझ्याच बरोबरीची होती.

तेव्हापासून ती माझी नोकरीच झाली. गोळी विरघळेपर्यंत बोलायचं. माझ्या जाऊबाईंचं तर काही शिल्लक ठेवलं नाही. इनेसबाईला एक शब्द कळायचा नाही, पण पोरांचे चेहरे बघून हसायची.

गोळी विरघळली की मी गोष्ट तिथंच थांबवायचे.

"मावशी, मग बोकड सापडला का?"

"उद्या या."

रात्री जेवताना संजू मागे लागायचा. "आई, मला तरी सांग ना. घरचाच आहे मी."

"सेंटरवर ये. तिथंच सांगीन."

आणि यायचा हो. पाऊस असो, सण असो, यायचा. पुढे डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी केली, मग बंद केली. लग्न झालं, जुई झाली. इनेसबाई कधीच तिच्या गावाला परत गेली होती, पण दर दिवाळीला व्हिडिओ कॉल. फराळाचं ताट तिला दाखवायचं आणि आपण खायचं.

काल दुपारी तिच्या मुलीचा मेसेज आला. इंग्लिशमध्ये. जुईने वाचून सांगितलं.

संजू टोमॅटोचे क्रेट लावत होता. हातातला क्रेट खाली ठेवला, गाडी काढली आणि गेला. कोणाला काही बोलला नाही.

फोन लावला. बंद.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं झाली, आता कसली भीती. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांना विचारा.

हे म्हणाले, "येईल गं." पण चहा प्यायले नाहीत. सूनबाई भाजी निवडता निवडता रस्त्याकडे बघत होती. आणि मी दारात जाऊन बसले, सेंटरच्या दारात बसायचे तशी.

दिवेलागणीला गाडी वाजली.

संजू ओल्या केसांनी आत आला. मी त्याचे डोळेच बघितले आधी. साफ होते. रडलेले होते, पण साफ.

"कुठं होतास?"

"रामकुंडावर. अंघोळ करून आलो."

"अंघोळ?"

"इनेसमावशी गेली, आई. आपलं माणूस गेल्यावर करतो ना आपण." मग फोन काढून सूनबाईकडे दिला. "हा चार्जिंगला लाव. आणि काहीतरी वाढ, सकाळपासून पोटात काही नाही."

मी बाजरीची भाकरी गरम गरम टाकली. मागून मागून जेवला.

इनेसबाई, तुझ्या गावाकडे काय पद्धत आहे मला माहीत नाही. आमच्याकडे तुझ्या नावाने अंघोळ झाली.

संजू घरी आहे. जेवलाय.

तू आता निवांत जा.

मळ्यातल्या आम्हा सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.