बांगड्या भरताना

गुरुवारच्या बाजारात मी बांगड्या भरायला गेले, तेव्हा माझ्या आधी आमच्या गल्लीतली सुशीला उभी होती. तिला एचआयव्ही आहे हे गावाला कळून वर्ष झालं होतं. तेव्हापासून ती बांगड्या कागदात बांधून घरी न्यायची आणि स्वतःच भरायची.

"बस इथे, मी भरते. घरी निम्म्या फोडशील," कासारीण मावशी तिला म्हणाल्या.

सुशीला कुजबुजली, "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का माझं?"

"सांगितलं की. हात दे."

माझ्या शेजारी वाट बघत बसलेल्या दोघी उठून गेल्या. मी उठले नाही, पण माझा हात आपोआप पदराआड गेला. मला त्या हाताचंच नवल वाटलं. हात धरल्यानं हा आजार होत नाही, हे मी शाळेत मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. मग जे डोक्याला ठाऊक आहे, ते हातापर्यंत का पोहोचत नाही? आणि शाळेची पायरीही न चढलेल्या मावशींच्या हातांना ते कुणी शिकवलं असेल?

मावशी तिची बोटं जुळवून, अंगठ्याचं मूळ हलकेच दाबत एकेक बांगडी सरकवत होत्या. त्यांचं सगळं लक्ष काचेकडे होतं. सहावी बांगडी चढली आणि सुशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखलं का गं?" मावशींनी विचारलं.

"नाही," ती घाईघाईनं म्हणाली. "अजून दुसरा हात राहिलाय ना?"